राखलेल्या मातीचाही पंचनामा करा

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,


मी सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवरचा कोरडवाहू शेतकरी आहे. सात एकर रान. त्यातलं चार एकर काळं, तीन एकर माळाकडचं, वीतभर खणलं की मुरूम लागतो असं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ, परांडा या भागात काय केलं ते आपण जाणताच. आमचं गाव नदीपासून दोन कोस वर, त्यामुळे पाणी घरात आलं नाही. पाऊस मात्र आमच्यावरही तोच कोसळला. ओढा चार दिवस काळा वाहत होता. तो काळा रंग म्हणजे आमची रानंच होती.

पाऊस उघडल्यावर पंचनाम्याचं पथक आलं. माझ्या बांधाला लागून शेजारच्या अडीच एकरात सोयाबीन होतं. त्या रानाच्या वरच्या अंगाला ओघळी पडून मुरूम उघडा झाला होता आणि खालच्या अंगाला पिकावर गाळ बसला होता. मोजमाप झालं, फोटो झाले, कागद झाला. मग पथकातल्या एकाने माझ्या रानाकडे बघून विचारलं, "तुमची माती गेली नाही ना?" मी म्हणालो, "नाही." पथक पुढे गेलं. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना गेलेलं नोंदवायला पाठवलं होतं. पण उतार एक, पाऊस एक, मध्ये फक्त एक बांध, आणि तरी एकीकडची माती ओढ्याला गेली, दुसरीकडची राहिली. असं का झालं हे लिहायला कुणाच्याच कागदात रकाना नव्हता. तो रकाना असावा, एवढ्यासाठी हे पत्र.

त्या ऑक्टोबरमध्ये शासनाने जी मदत जाहीर केली, तीत खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपये अशी तरतूद होती. ही मदत हवीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट मातीला रुपयांत किंमत धरली गेली याचं मोल मी जाणतो. हेक्टरभर माती गेली तर ती परत आणून पसरायला ३ लाख ४७ हजार लागतात, हे शासनाने मान्य केलं. आता माझा प्रश्न सरळ आहे. ती माती जागेवर होती तेव्हा ती जागेवर राहावी म्हणून झटणाऱ्याला शासन काय देत होतं?

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. नदीने पात्र सोडून ज्यांची रानं कापून नेली, त्यांना कुठलंही आच्छादन, कुठलाही बांध वाचवू शकला नसता. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते नदीपासून दूर असलेल्या, उताराच्या लाखो एकरांबद्दल, जिथे माती पुराने नव्हे तर पावसाच्या थेंबाने आणि रानातूनच वाहणाऱ्या पाण्याने गेली.

माझ्या रानात काय वेगळं होतं? फार काही नाही. आठ-नऊ वर्षांपासून मी खोल नांगरट सोडली आहे. सोयाबीनचं भुसकट मळणीनंतर पेटवत नाही, रानात पसरून देतो. तुरीची आणि ज्वारीची धसकटं उपटत नाही. पेरणी उताराला आडवी, चार ओळींनंतर एक सरी मोकळी. बांधाच्या खालच्या अंगाला गवत राखलंय, आणि जास्तीचं पाणी जिथून उतरतं त्या सांडव्याला दगड बसवलेत. तूर आणि मूग दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पट्ट्यात असतातच, कारण त्यांचा बेवड पुढच्या ज्वारीला लागतो, हे आमच्या आजोबांपासून ऐकत आलो. यातलं एकही काम मी शोधून काढलेलं नाही.

पहिली तीन वर्षं फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तण वाढलं. पेरणीयंत्राच्या फणात काड अडकायचं. दुसऱ्या वर्षी एकरी दीड-दोन क्विंटल सोयाबीन कमी निघालं, आणि घरात त्यावरून बोलणं झालं. चौथ्या वर्षी एक बदल जाणवला, तो आधी उत्पादनात नव्हे तर वाफशात. पाऊस उघडल्यावर शेजारच्या रानाला पाळी घालायला चार दिवस थांबावं लागायचं, माझ्या रानाला अडीच-तीन दिवसांत वाफसा यायचा. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही नांदत असल्याची खूण, हे आपल्याला सांगायला नको. ज्या मातीत कण एकमेकांना धरून बारीक ढेकळांच्या रूपात राहतात, तिच्यात पोकळी असते. जास्तीचं पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते. जी माती वर्षातून दोनदा रोटाव्हेटरने पिठासारखी केली जाते, तिच्यावर पहिला जोरदार पाऊस पडला की वरचा थर थापल्यासारखा बसतो. मग पाणी आत जायला वाट उरत नाही, ते उताराला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं.

आमची काळी माती या बाबतीत फार हट्टी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. कोरडी असताना हात जाईल एवढ्या भेगा, ओली झाली की भेगा मिटून पाणी मुरणं मंदावतं. काही लोक सभांमधून सांगतात की सेंद्रिय कर्ब थोडा वाढला की जमीन स्पंजासारखं हजारो लिटर जादा पाणी धरते. काळ्या रानात तसं होत नाही. ती मुळातच पाणी भरपूर धरते. खरा फायदा पाणी आत शिरण्यात आहे, थेंबाचा मार भुसकटावर पडण्यात आहे, कण एकमेकांना धरून राहण्यात आहे. उगाच मोठी आश्वासनं दिली की चौथ्या वर्षाची वाट बघणारा शेतकरी दुसऱ्याच वर्षी नांगराकडे परत जातो.

पावसाचं म्हणाल तर तो बदललाय हे आम्हाला रानात दिसतं, आणि शास्त्रज्ञांनी ते मोजलंही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. दुसऱ्या टोकाला २०२३ चा ऑगस्ट: १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या महिन्यात माझं सोयाबीन वाचलं असं मी म्हणणार नाही, निम्मंच आलं. पण मुळाशी ओल आठवडाभर जास्त टिकली आणि तूर तगली. दोन वर्षांनी तेच भुसकट, त्याच सऱ्या अतिवृष्टीत कामी आल्या. दुष्काळासाठी एक योजना आणि अतिवृष्टीसाठी दुसरी असं खात्यात असेल; रानात दोन्हींचं उत्तर त्याच वरच्या वीतभर थरात आहे.

हे सगळं आपल्याकडे आजचं नाही. पावसाबरोबर रानातून किती पाणी आणि किती माती वाहते याची मोजमापं आमच्याच सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात झाली. कानिटकरांसारख्या संशोधकांनी त्या काळी कोरडवाहू शेतीची जी पद्धत सांगितली, तिच्यात बांधबंदिस्ती होती आणि ओल धरून ठेवण्याची मशागत होती. पुढे हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीत दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या. एका रानात जुनी रीत: पावसाळ्यात पडीक, रब्बीत ज्वारी नाहीतर हरभरा. दुसऱ्यात रुंद वरंबे आणि सऱ्या, पावसाळ्यातही पीक, जोडीला तुरीसारखं आंतरपीक, शिफारशीची खतं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या सरासरीत सुधारित रानाने हेक्टरी ५ टनांच्या आसपास धान्य दिलं, जुन्या रितीच्या रानाने १ टनाच्या आसपास. माती वाहून जाणं चौथ्या हिश्शावर आलं, आणि जमिनीतला सेंद्रिय कर्बही वाढला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून चाललेला ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोगही तेच सांगतो: रासायनिक खतांच्या जोडीला शेणखत दिलेला वाफा उत्पादनात आणि कर्बात दोन्हींत पुढे.

म्हणजे ज्ञान नाही अशी आपली अडचण नाही. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र बसवलं: चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफे कायमचे, कापणीनंतर मुळं जमिनीतच. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीविना शेतीबद्दल वर्षानुवर्षे लिहीत-बोलत आले. त्याच कोल्हापूर-सांगलीच्या मातीत श्रीपाद दाभोलकरांनी शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला होता. आपल्या खात्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही पाच हजारांहून अधिक गावांत हवामानाला तोंड देणारी शेती नेली, त्यात रुंद वरंबा-सरी होती, शून्य मशागतही होती. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मग अडतं कुठे? अडतं ते बिलापाशी. ठिबक घेतलं, बिल आहे, अनुदान आहे. शेततळं खोदलं, मोजमाप आहे, अनुदान आहे. रोटाव्हेटर घेतला तरी यांत्रिकीकरणातून अनुदान आहे. पण मी यंदा नांगरलं नाही, भुसकट पेटवलं नाही, बांध कोरला नाही, त्याचं बिल कोणत्या दुकानातून आणू? शासनाची बरीचशी मदत विकत घेतलेल्या वस्तूच्या मागे चालते, आणि मातीची निगा ही बहुतांशी विकत न घेण्याची, काही गोष्टी न करण्याची आणि काही वर्षानुवर्षे थोड्या थोड्या करण्याची गोष्ट आहे. ती योजनेच्या साच्यात बसत नाही म्हणून ती योजनेत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये योजना सुरू झाली, बारा घटक तपासले जातात, त्यात सेंद्रिय कर्ब आहे. माझ्या एका पत्रिकेवर कर्ब कमी आला, आणि शिफारस होती हेक्टरी पाच टन शेणखताची. शिफारस बरोबर आहे. पण शेणखत आणायचं कुठून? २०१९ च्या पशुगणनेत राज्यातली गाई-बैलांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी घटलेली निघाली. आमच्या गावात माझ्या लहानपणी प्रत्येक दावणीला बैलजोडी होती, आता सगळ्या गावात मोजून नऊ जोड्या आहेत. उकिरडे रिकामे आहेत. शेणखताची ट्रॉली विकत घ्यायची तर ती बागायतदाराला परवडते, कोरडवाहूला नाही. अशा वेळी कोरडवाहू माणसाच्या हाताशी सेंद्रिय पदार्थाचं एकच साधन उरतं: जे त्याच्याच रानात उगवलं त्यातलं काही त्याच रानात ठेवणं. पत्रिका त्याबद्दल बोलत नाही. बांध शाबूत आहे का, रान मार्च-एप्रिलमध्ये उघडं असतं की झाकलेलं, हेही ती विचारत नाही.

काय ठेवायचं यातही तारतम्य हवं. ज्वारीचा कडबा जनावराच्या तोंडातून काढून रानात पसरा असं मी सांगणार नाही. तो चारा आहे. कापसाची पऱ्हाटी रानात उभी ठेवणं तर चुकीचंच, गुलाबी बोंडअळी तिच्यात राहते. बिननांगरटीच्या काही पद्धती तणनाशकावर फार टेकतात, ते मला आवडत नाही. मी अजून भांगलणीवर निभावतो, मजुरी जड जाते. जागा बदलली की रीत बदलते, म्हणून मंत्रालयातून एकच नमुना सर्वांवर लादू नका. हे सांगण्याला कारण आहे, आणि ते आपल्याच इतिहासात आहे.

मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. पुढे सरकारी बांधबंदिस्तीने जोर धरला. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीत आमच्या आई-वडलांच्या पिढीने समतल बांध घातले. हातांना काम मिळालं, चुली पेटल्या, ते ऋण मोठं आहे. पण बांध घालताना शिवारातल्या माणसाला कुणी विचारलं नाही. समपातळीची रेघ एका मालकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात तिरकी जायची. खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळं पडायचं, आणि मोठ्या पावसात बांध फुटला की तिथेच घळ पडायची. लोकांनी हळूहळू ते बांध नांगरून टाकले. दोष लोकांच्या आळसाला दिला गेला. खरं कारण असं की माती किती घनमीटर टाकली याचे पैसे होते, पुढची दहा वर्षं तो बांध सांभाळण्याचे पैसे कुणालाच नव्हते, आणि तो बांध आपला आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं. हिवरे बाजारला वेगळं घडलं. तिथे सरपंच पोपटराव पवार आणि गावाने मिळून नियम ठरवले: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी विंधनविहिरी नकोत, उसासारखी तहानलेली पिकं नकोत. आणि ते नियम गावानेच पाळले.

आता त्या शेजारच्या अडीच एकराबद्दल. ज्याची माती गेली तो निष्काळजी नाही. तो माझ्यापेक्षा जास्त राबतो. पण रान त्याचं नाही. मालक पुण्यात असतो, रान बटईने दिलेलं, तेही तोंडी, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चौथ्या वर्षी येणाऱ्या वाफशासाठी यंदा दोन क्विंटल का सोडावेत? आमच्याकडे १९४८ चा कूळकायदा, शिवेपलीकडे मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून झालेले हे कायदे, त्यांचा हेतू थोर होता. पण आज कागद केला तर कूळ लागेल या भीतीने मालक लिहून देत नाही, आणि कसणारा माणूस सरकारी यादीत दिसतच नाही. म्हणून पंचनामा झाला त्या रानाचा, पण मदत सातबाऱ्यावरच्या नावाने. माती ज्याच्या हाताखाली आहे त्याच्यापर्यंत पोचायची वाट आपण काढली नाही, तर मातीची कोणतीही योजना राज्यातल्या मोठ्या भागात कागदावरच राहील. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा पुढे ठेवला होता. निदान पाच वर्षांचा, मालकी हक्काला धक्का न लावणारा साधा कागद तरी आपल्या राज्यात निर्भयपणे करता यावा.

माझी मागणी अशी. ज्या रानात मार्च ते मे पिकाचे अवशेष जमिनीवर आहेत, बांध आणि सांडवा शाबूत आहे, आणि फेरपालटात डाळवर्गीय पीक आहे, त्या रानाच्या कसणाऱ्याला दरवर्षी हेक्टरी काही ठरावीक रक्कम द्या, आणि ती सलग पाच वर्षं द्या. समजा हेक्टरी ५ हजार. खरडून गेलेल्या एका हेक्टरासाठी जे ३ लाख ४७ हजार धरले, त्यात ६९ हेक्टर रान वर्षभर राखलं जाईल. तपासणी प्रयोगशाळेवर सोडू नका. कर्ब फार सावकाश बदलतो, एकाच रानात दहा पावलांवर वेगळा येतो, आणि त्यावर पैसे ठेवले की नमुना कुठला घ्यायचा यातच सगळी हुशारी खर्च होईल. कार्बन क्रेडिटवाले गावात येतात तेव्हा हीच अडचण असते. करार जाड असतो आणि शेतकऱ्याच्या हाती काय येणार ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसतं ते तपासा. एप्रिलमध्ये ग्रामसभेने शिवारफेरी काढावी, सहायक कृषी अधिकाऱ्याने सोबत यावं, रानात उभं राहून फोटो घ्यावा. कुणाच्या रानात काड आहे आणि कुणी पेटवलं हे गावाला तसंही ठाऊक असतं.

रक्कम मोठी नसली तरी चालेल. पहिल्या तीन वर्षांची तूट भरून निघावी एवढी पुरे, कारण चौथ्या वर्षापासून माती स्वतःच देऊ लागते. मला ती तीन वर्षं काढता आली, कारण घरात दुधाचा पैसा होता. शेजाऱ्याकडे तो नाही.

आणि पुढच्या अतिवृष्टीनंतर, ती येईलच, पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवा. गेलेल्या रानाशेजारी जे रान राहिलं, त्याचाही गट नंबर लिहा, उतार लिहा, तिथे काय पेरलं होतं आणि बांध कसा होता ते लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत राज्याकडे असा दस्तऐवज तयार होईल, जो कुठल्याही प्रयोगशाळेत होणार नाही.

हे पत्र लिहिताना समोर रान दिसतंय. मेमध्ये ते देखणं दिसत नाही. सगळीकडे काड, धसकटं, मध्येच उधईने खाल्लेलं भुसकट. नांगरून चकाचक केलेल्या रानांमध्ये ते आळशाचं वाटतं. आपण या भागात आलात तर तेव्हाच या. बांधावरून नुसतं बघून जाऊ नका, काड बाजूला करून हात घाला. खाली, एवढ्या उन्हातही, बोटांना गारवा लागतो.

आपला,
सीनाकाठच्या माळावरचा एक कोरडवाहू शेतकरी